रॉकेट उडवा, पण बोटे सांभाळून

दिवाळी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या वस्तीतली पोरे रस्त्यात वाकून काय शोधत असतात, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. ती न फुटलेले फटाके वेचत असतात. ज्यांच्या घरी फटाक्यांना पैसे नसतात, त्यांची मजा दुसऱ्या दिवशी सुरू होते. लहानपणी आम्हीही त्यांतलेच होतो. आज या पानावर रॉकेटविषयी लिहायचे ठरवले, तेव्हा सुरुवात त्या फुसक्या फटाक्यांपासूनच करावी लागेल.

१९६३ साली आम्ही दहा वर्षांचे होतो. वडील मुंबईत रेल्वेच्या वर्कशॉपात खलाशी होते. त्या वर्षी २१ नोव्हेंबरला केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावातून भारताच्या भूमीवरचे पहिले रॉकेट आकाशात गेले. रॉकेट अमेरिकेहून आले होते. नाव नाइकी-अपाची. त्याची जुळणी गावातल्या चर्चच्या इमारतीत झाली. रॉकेटचे भाग सायकलवरून नेल्याची छायाचित्रे आजही छापली जातात. वाचनालयातल्या पेपरात ती बातमी आम्हाला वाचून दाखवली ती शेजारच्या खोलीतल्या आमच्या मित्राने. तो आमच्याच वर्गात होता आणि गणितात नेहमी पहिला यायचा. बातमी वाचून झाल्यावर तो म्हणाला, "आपणपण उडवू."

वेचलेल्या फटाक्यांची दारू त्याच्याकडे होती. लोखंडी नळी हवी होती. ती वडिलांच्या भंगारातून आम्ही आणून दिली.

मैदानाच्या कडेला वात पेटवली. ती जळत जळत नळीच्या तोंडापर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली. आम्ही चौघे-पाच जण उभे होतो. तो म्हणाला, "विझली वाटतं," आणि पुढे गेला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली आणि एक डोळा गेला. शाळाही सुटली. आम्ही पुढे आयटीआय करून वडिलांच्याच वर्कशॉपात फिटर म्हणून लागलो. तो भाजीच्या गाडीवर बसला. नळी कोणी आणून दिली, हे त्याने कधीच कोणाला सांगितले नाही. आम्हीही सांगितले नाही. आज पहिल्यांदाच लिहीत आहोत.

अमेरिकेतला खोका

आमची मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त अमेरिकेत ओहायो राज्यात असतात. तिकडे काही महिने राहायला गेलो असताना बारा वर्षांच्या नातवासाठी एक लांबट खोका आला. आत रॉकेट होते! खेळण्यातले नव्हे, खरोखर उडणारे. खोका पाहताच आम्ही मुलीला स्पष्ट सांगितले, "हे आपल्या घरात नको."

मुलगी म्हणाली, "बाबा, आधी त्याचे नियम तर ऐका."

मग नातवाने आपल्या मोडक्या मराठीत एकेक नियम वाचून दाखवला. दारू घरी बनवायची नाही. मोटर कारखान्यात तयार झालेलीच वापरायची. रॉकेटचे अंग कागद, लाकूड आणि प्लास्टिक यांचेच असावे. काडी लावून पेटवायचे नाही, दुरून विजेच्या तारेनेच पेटवायचे. ज्या गोष्टींनी आमच्या मित्राचा घात केला, त्यांतली एकेक गोष्ट या नियमांत नावानिशी बंद केलेली होती. आम्हाला वाटले, हे नियम लिहिणाऱ्यांनीही कोणाची तरी बोटे गेलेली पाहिली असावीत.

आणि तसेच होते. १९५७ साली ४ ऑक्टोबरला रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेतल्या पोरांना रॉकेटचे वेड लागले. गॅरेजमध्ये, परसात पोरे दारू कुटू लागली, पाइपात भरू लागली आणि जखमी होऊ लागली. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे गृहस्थ होते. त्यांचे बुटांचे दुकान होते आणि शोभेच्या दारूकामाचा त्यांना छंद होता. भाऊ रॉबर्ट यांना विमानांच्या प्रतिकृतींची आवड होती. या दोघा भावांनी मिळून १९५४ साली एक लहानसे रॉकेट बनवले होते. त्याचे अंग कागदाचे होते, मोटर काढून दुसरी घालता येत असे, आणि वर गेल्यावर त्यातून छत्री उघडून ते अलगद खाली येत असे. व्हाइट सँड्सच्या रॉकेट चाचणी तळावर काम केलेले हॅरी स्टाइन यांनी रॉकेटच्या सुरक्षिततेवर १९५७ साली मासिकात लेख लिहिला होता. तो वाचून कार्लाइल यांनी आपले रॉकेट त्यांच्याकडे पाठवले. पोरांना दारू न कुटता रॉकेट उडवता येईल, हे स्टाइन यांनी तत्काळ ओळखले. त्यातूनच मॉडेल रॉकेटचा हा छंद आणि त्याचे नियम उभे राहिले.

रॉकेट उडवायचे नाही, असे पोरांना सांगून भागत नाही. मोठ्यांनी पोरांना सुरक्षित वाट काढून द्यावी लागते. बुटांच्या दुकानातल्या माणसाने ती काढून दिली. आमच्या मैदानावर ती वाट दाखवणारे कोणी नव्हते.

आम्ही नातवाला म्हणालो, "बनवू. पण आम्ही शेजारी बसल्याशिवाय डिंकाची नळीसुद्धा उघडायची नाही."

नाइकीची प्रतिकृती

खोक्यातले रॉकेट मनाने रचलेले नव्हते. खऱ्या रॉकेटची मापात लहान केलेली ती प्रतिकृती होती. खऱ्या रॉकेटचे नाव नाइकी-स्मोक. अमेरिकेच्या नासा संस्थेने ते १९६० च्या दशकात उडवले. उंचावरचा वारा कोणत्या थरात किती जोराने वाहतो, हे मोजायला त्याच्या टोकदार शंकूतून एक रसायन सोडत. त्याचा पांढरा धूर आकाशात रेघ काढी. ती रेघ वाऱ्याने कशी वाकते, याची जमिनीवरून छायाचित्रे घेत आणि वाऱ्याचा हिशेब मांडत. पुढची मोठी रॉकेटे या वाऱ्यात तग धरतील का, हे त्यावरून कळे.

या रॉकेटचा खालचा भाग, म्हणजे नाइकी मोटर, थुंब्याच्या पहिल्या रॉकेटच्या तळाशी असलेल्या मोटरच्याच जातीची. हे समजले तेव्हा आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. साठ वर्षांनंतर तेच रॉकेट लहान होऊन आमच्या टेबलावर आले होते.

खऱ्या नाइकीचा व्यास १६.५ इंच. आमच्या कागदी नळीचा व्यास ३ इंच. १६.५ ला ३ ने भागले की ५.५ येतात. म्हणजे खऱ्या रॉकेटची प्रत्येक लांबी साडेपाचाने भागायची. अपूर्णांक शाळेत कशाला शिकवतात, असे विचारणाऱ्या नातवाने त्या दिवशी दोन तास कागदावर भागाकार केले.

खोक्यातले सामान असे: जाड कागदाची नळी, प्लास्टिकचा लांब शंकू, चार लाकडी पंख, मोटर बसवायची आतली बारीक नळी, ती मध्यावर धरून ठेवणाऱ्या प्लायवुडच्या चकत्या, एक लांब दोरी आणि कापडी पॅराशूट. लोखंडाचा एकही जड तुकडा नाही. चुकून फुटले तर कागद फाटावा, लोखंडाच्या कपच्या उडू नयेत, हा त्यामागचा हेतू.

वाकडा पंख

बनवायला आठ संध्याकाळ लागल्या. चकत्या घासून नळीत घट्ट बसवल्या. पंखांना पॉलिश पेपर मारला. नळीवर सरळ रेघ मारायला आम्ही युक्ती सांगितली: नळी दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात टेकवायची आणि लाकडाच्या कडेने पेन्सिल ओढायची. फिटरची चाळीस वर्षे अशी कामाला आली.

तिसरा पंख चिकटवताना नातवाला घाई झाली. शाळेतला मित्र बाहेर बोलावत होता. सकाळी आम्ही गुण्या लावून पाहिले, तर पंख वाकडा. फार नाही, पण डोळ्यांना दिसेल इतका.

नातू म्हणाला, "आबा, लांबी भरू, वर रंग मारू. कोणाला दिसणार नाही."

आम्ही म्हणालो, "माणसाला दिसणार नाही, हवेला दिसेल."

रॉकेट सरळ जाते ते पंखांमुळे. रॉकेट एका बोटावर तोलून धरले की त्याचा वजनाचा मध्य सापडतो. हवेच्या रेट्याचाही एक मध्य असतो. मोठे पंख शेपटीला असल्यामुळे तो मागे सरकतो. वजनाचा मध्य पुढे आणि हवेचा मध्य मागे, दोहोंत निदान नळीच्या व्यासाइतके अंतर, म्हणजे रॉकेट स्थिर. टोक थोडे कलले तर हवा शेपटीला ढकलते आणि रॉकेट पुन्हा सरळ होते. वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा याच कारणाने वाऱ्याकडे तोंड करतो. पंख वाकडा असेल तर रॉकेट गरगरते, वळते आणि माणसांवरही येऊ शकते.

नातू रडवेला झाला. पण त्याने स्वतः पाते घेऊन पंख सोडवला, जुना डिंक खरवडला आणि पुन्हा बसवला. या वेळी पुठ्ठ्याचा काटकोन कापून, तो दोन्ही बाजूंनी टेकवून, डिंक सुकेपर्यंत हलला नाही. मित्र बाहेर वाट पाहत राहिला. मग चारही पंखांच्या मुळाशी दोन नळ्यांच्या डिंकाचा, आपल्याकडे ज्याला अरल्डाइट म्हणतात तशाचा, गोलसर थर दिला.

मोटरचे गणित

मोटर जावयांनी घेतली. नातवाच्या हाती ती मैदानापर्यंत दिली नाही. तिच्यावर लिहिले होते, एफ ५०-६. या तीन खुणांचा अर्थ प्रत्येक मुलाला कळावा असा आहे.

पहिले अक्षर मोटरची एकूण ताकद सांगते. ए पासून सुरुवात, आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला ताकदीची मर्यादा दुप्पट. ए ची मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद, बी ची ५, सी ची १०, डी ची २०, ई ची ४०, एफ ची ८०, जी ची १६०. यांतल्या ई, एफ आणि जी मोटरवर उडणाऱ्या रॉकेटना मध्यम ताकदीची म्हणतात. दुसरा आकडा सरासरी रेटा सांगतो: ५० न्यूटन, म्हणजे जवळजवळ पाच किलो वजन उचलण्याइतका. आमचे रॉकेट मोटरसकट सुमारे ६५० ग्रॅम भरले. वजनाच्या सात-आठ पट रेटा मिळाला. निदान पाच पट असावा, असा जाणत्यांचा दंडक आहे. रेटा कमी पडला तर सळई सोडताना रॉकेटला पुरेसा वेग येत नाही आणि ते वाकडे जाते. शेवटचा आकडा ६, म्हणजे इंधन संपल्यावर सहा सेकंदांनी मोटर छत्री बाहेर फेकते. इंधन दीड सेकंदात संपते. पुढचे सहा सेकंद रॉकेट आपल्या वेगानेच वर जात राहते. विलंब कमी असेल तर वेगातच छत्री उघडते आणि फाटते. जास्त असेल तर रॉकेट खाली झेपावू लागल्यावर उघडते, आणि दोरी कागदी नळी चिरत जाते.

मैदानात

ऑक्टोबरात मक्याची कापणी झाल्यावर एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात रॉकेटवाले जमले होते. म्हातारे, बाया, पोरे, सगळे. एफ मोटरसाठी मैदानाची कमी बाजूही निदान १,००० फूट हवी. वारा ताशी २० मैलांवर असेल तर उडवायचे नाही. झाडे, विजेच्या तारा जवळ नकोत. तारेवर अडकलेले रॉकेट काढायला जायचे नाही, ते गेले असे समजायचे.

प्रथम सुरक्षा अधिकाऱ्यापुढे रॉकेट ठेवावे लागले. वयस्कर गृहस्थ. त्यांनी एकेक पंख बोटांनी हलवून पाहिला. तिसऱ्या पंखापाशी त्यांची बोटे थांबली, तसा नातवाने आमच्याकडे पाहिले. ते गृहस्थ काहीतरी बोलले. नातवाने मराठी करून सांगितले, "आबा, ते म्हणतात हा सगळ्यात चांगला बसलाय."

छत्रीवर जळू नये म्हणून आधी न जळणारा कागद कोंबला, मग छत्री घडी करून भरली. रॉकेट सळईवर चढवले, मोटरमध्ये पेटवणारी तार सरकवली, तिला चिमटे लावले. मग सगळे मागे. एवढ्या मोटरसाठी निदान ३० फूट. बटणाच्या खोक्याला एक चावी असते. ती लावल्याशिवाय बटण चालत नाही. चावी खिशात ठेवूनच माणूस रॉकेटपाशी जातो.

पाच, चार, तीन, दोन, एक. नातवाने बटण दाबले.

काहीच झाले नाही.

बारीकसा धूर निघाला आणि गेला. रॉकेट जागच्या जागी. नातवाने एक पाऊल पुढे टाकले, आणि आमच्या तोंडून अशी हाक निघाली की शेतातली सगळी माणसे वळून पाहू लागली. आम्ही त्याचा दंड धरला होता. पुढे तो म्हणाला की हात दुखला.

पण तो पुढे जाणार नव्हताच. चावी काढायला तो खोक्याकडे वळला होता. चावी काढून त्याने आमच्या हातात ठेवली आणि घड्याळ पाहत म्हणाला, "आबा, साठ सेकंद. नियम आहे. कोणी जवळ जायचं नाही."

ते साठ सेकंद आम्ही मोजले. १९६३ साली आमच्यापैकी एकानेही दहापर्यंतसुद्धा आकडे मोजले नव्हते. आमच्याकडे घड्याळ नव्हते, हे खरे. पण एकापासून साठपर्यंत मोजायला घड्याळ लागत नाही. कोणीतरी शिकवावे मात्र लागते.

मिनिटानंतर जावई गेले. तार जळली होती, मोटर पेटली नव्हती. नवी तार घातली. पुन्हा सगळे मागे, पुन्हा उलटी मोजणी. या वेळी मोठा फूत्कार झाला आणि रॉकेट डोळ्यांदेखत नाहीसे झाले! मान वर करेपर्यंत ते ठिपका झाले होते. सरळ, अगदी सरळ. मग वर एक लहानसा धुराचा पुंजका दिसला आणि छत्री उघडली.

मुलगी ५०० फुटांवर कोनमापक घेऊन उभी होती. आपल्या कंपास पेटीत असतो तोच कोनमापक, मध्ये दोरा आणि दोऱ्याला वजन. रॉकेट सर्वांत उंच असताना कोन भरला ६५ अंश. ६५ अंशाचा टॅन्जंट २.१४. ५०० गुणिले २.१४, म्हणजे १,०७० फूट. शाळेच्या त्रिकोणमितीने रॉकेटची उंची मोजली.

रॉकेट पाचसातशे फुटांवर मक्याच्या धसकटांत उतरले. एका पंखाचा रंग खरवडला, इतकेच नुकसान. त्याच दुपारी ते दुसऱ्यांदा उडाले.

आपल्या मुलांसाठी

पालकहो, ही मोटर तुमच्या मुलाच्या हाती नाही, आणि तशी ती घरी बनवायचीही नाही. परवान्याशिवाय स्फोटक पदार्थ बनवणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. पण रॉकेटचे शास्त्र त्यावाचून अडत नाही.

थंड पेयाची प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या. तिला पुठ्ठ्याचे तीन-चार पंख लावा. तिसरा हिस्सा पाणी भरा. तोंडाला घट्ट रबरी बूच, त्यात सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह, आणि लांब नळीचा पंप. बाटली उलटी उभी करून हवा भरा. दाब वाढला की बूच सुटते, पाणी खाली फेकले जाते आणि बाटली वर जाते. न्यूटनचा तिसरा नियम तोच. काचेची किंवा तडा गेलेली बाटली कधी घेऊ नका. बाटलीवर कोणी वाकायचे नाही. जाणते माणूस शेजारी हवे. आणि बाटली उडाली नाही, तर साठपर्यंत मोजल्याशिवाय कोणी पुढे जायचे नाही. उंची मोजायला कोनमापक आणि दोरा पुरे. कोन ४५ अंश भरला तर जितके दूर उभे आहात तितकीच उंची. पाचवीच्या मुलालाही हे समजेल.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मूल फटाके वेचताना दिसले तर नुसते रागावू नका. त्याच्या खिशात काय आहे ते पाहा, ते पाण्यात टाका, आणि त्याच्या डोक्यात काय आहे तेही विचारा. कदाचित त्या डोक्यात रॉकेट असेल. ते फुकट जाऊ देऊ नका.

परत आल्यावर आम्ही आमच्या मित्राकडे गेलो. तो आता मुलाकडे राहतो. सगळे सांगितले. नळीचेही बोललो. तो म्हणाला, "मला माहीत होतं रे तुला काय वाटतं ते. नळी मीच मागितली होती." मग थोडा वेळ थांबून त्याने विचारले, "खाली कसं आलं ते?"

आम्ही म्हणालो, "छत्रीने. सावकाश."

त्याने कोनमापकाचा हिशेब पुन्हा सांगायला लावला. ५०० गुणिले २.१४ त्याने तोंडी केले, आमच्या आधी. पुढच्या रविवारी त्याच्या नातीसाठी बाटलीचे रॉकेट करायचे ठरले आहे. बूच आम्ही नेणार आहोत.